अकरावा फर्मा

बाइंडिंगखान्यात तिला सगळे चक्री म्हणत. हे नाव कटर मशीनवरच्या वस्तऱ्याने ठेवलं होतं, आणि त्याला वस्तरा हे नाव तिने. याला वीस वर्षं झाली. दोघांनीही कधी तक्रार केली नव्हती.

नाव कामावरून पडलं होतं. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एका कागदाला घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. वीस फर्मे ओळीने रचले की तीनशे वीस पानांचं पुस्तक. मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्याच्या कडेने वीस ढीग मांडायचे, प्रत्येक फर्म्याचा एक, आणि एकेका ढिगावरून एकेक फर्मा उचलत टेबलाभोवती फिरायचं. फेरी संपली की हातात एक पुस्तक. ते शिलाईवालीच्या बाजूला ठेवायचं आणि परत पहिल्या ढिगापाशी यायचं. बावीस पावलांची फेरी. दिवसाला चारशे फेऱ्या. या कामाला जुळणी म्हणतात. चक्री सव्वीस वर्षं जुळणी करत होती.

जुळणी सोपी दिसते. नवा माणूस पहिल्या तासाला म्हणतो, हे तर कोणीही करेल. तिसऱ्या तासाला त्याचे हात इथे आणि मन बाजारात असतं. मग दोन फर्मे एकदम उचलले जातात, नाहीतर एखादा सुटतो. चक्रीच्या हातून असं होत नसे. फर्मा एक आहे की दोन, हे तिला अंगठा सांगायचा. शिवाय प्रत्येक पुस्तकाची पाठ ती डोळ्यांसमोर धरायची. घडीच्या पाठीवर छापखाना एक छोटी काळी पट्टी छापतो. पहिल्या फर्म्याला अगदी वर, दुसऱ्याला जरा खाली, तिसऱ्याला त्याहून खाली. सगळे फर्मे बरोबर लागले की पाठीवरून एक काळा जिना उतरतो. पायरी गळली किंवा दोनदा आली, तर पुस्तक चुकलं. तिच्या टेबलावरून चुकलेलं पुस्तक एकदाही पुढे गेलं नव्हतं. हे मालक सांगायचे. ती स्वतः सांगत नसे.

मालकांची पुस्तकं सगळी खऱ्या गोष्टींची. इतिहासाची, कायद्याची, छोटा धंदा कसा उभा करावा याची, आणि अनोळखी मुलूख धुंडाळायला निघालेल्या लोकांची. “घडलं नाही ते मी छापत नाही,” असं ते म्हणत. चक्रीने ही पुस्तकं वाचली होती, पण आपल्या पद्धतीने. जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन, पुसून, ती शिवून झालेल्या ढिगावरचं एक पुस्तक घ्यायची. अर्ध्या तासात एक फर्मा व्हायचा. पुस्तकं शिलाईकडून कटिंगकडे आणि पुठ्ठ्याकडे गेली की वाचन तिथेच थांबायचं. अशी कितीतरी राज्यं तिच्या डोक्यात उभी राहिली होती आणि पडायची राहून गेली होती.

रस्त्याच्या बाजूला दुकान होतं आणि मागे बाइंडिंगखाना. मध्ये अर्ध्या काचेचं दार. चौदाव्या ढिगापाशी आलं की काचेतून दुकानाचा काउंटर दिसायचा, आणि काउंटरमागे खुर्चीत बसलेले काउंटरकाका. ती खुर्ची तिने दिवसातून चारशे वेळा पाहिली होती. मागच्या खोलीला खिडकी एकच, तीही छताजवळ. तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि भिंतीवरचा एक पाइप.

काकांनी एकदा रिकाम्या वेळात हिशेब मांडला. “रोजचे पाच किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस. सव्वीस वर्षं. एकोणचाळीस हजार झाले की गं. पृथ्वीचा घेर चाळीस आहे. तुझी एक फेरी होत आली.”

“आणि पोचले कुठे?” चक्री म्हणाली.

“शिलाईवालीपर्यंत,” आतून वस्तरा म्हणाला.

तिचे गुडघे गेले होते. डॉक्टरने तपासून सांगितलं, “वजन वाढू देऊ नका, रोज थोडं चालत जा.” तिने आपण काय काम करतो ते सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

काउंटरवरची जागा तिने आधी दोनदा मागितली होती. नऊ वर्षांपूर्वी मालक म्हणाले होते, “तुम्ही पुढे बसलात तर जुळणी कोण करणार?” चार वर्षांपूर्वीही तेच म्हणाले; तेव्हा फक्त चहा मागवला होता. आता काका काम सोडून लेकीकडे राहायला जाणार होते, आणि या वेळी चक्री मोकळ्या हाताने गेली नाही. सुनेला सोबत घेऊन गेली.

सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. आधी एका मोबाइलच्या दुकानात होती. ते दुकान बंद पडलं, तशी घरी बसली होती. चोवीस वर्षांची, तोंडाची चलाख, पायाने हलकी.

“ही जुळणी करेल,” चक्री म्हणाली. “मी शिकवते.”

मालकांनी सुनेकडे पाहिलं, मग चक्रीच्या गुडघ्यांकडे. “एक महिना,” ते म्हणाले. “पूर्ण महिना हिने करायचं, तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं. एकही पुस्तक चुकलं नाही, तर एक तारखेपासून खुर्ची तुमची. चुकलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?”

चक्री कबूल म्हणाली.

पहिल्या दिवशी सून साठाव्या फेरीला टेबल धरून उभी राहिली. “आई, मला चक्कर येतेय.”

“उलट्या बाजूने फिर, म्हणजे उतरेल.”

“खरंच?”

“नाही.”

पण पोर हट्टी निघाली. आठवडाभरात तिची चक्कर गेली. दोन आठवड्यांत अंगठा बोलायला लागला. चक्री भिंतीशी स्टुलावर बसून पाठींवरचे जिने तपासायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. एका दिवशी टेबलावर एकच पुस्तक. गोदामातून एका वेळी एकाच पुस्तकाचे गठ्ठे आणायचे. दुसरं पुस्तक खोलीत दिसलंसुद्धा नाही पाहिजे.

“का पण?” सुनेने विचारलं.

चक्रीने एक फर्मा उलटा करून पहिल्या पानाचा तळ दाखवला. तिथे नुसता आकडा होता. पूर्वी आकड्याशेजारी पुस्तकाचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असायचं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी छापखाना बदलला. नव्या छापखान्याने नाव टाकायचं सोडलं. चक्रीने मालकांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, पुढच्या खेपेला बघू.

“म्हणजे दोन पुस्तकांचे सातवे फर्मे दिसायला जुळी भावंडं,” चक्री म्हणाली. “काळी पट्टीही एकाच जागी. जिना बरोबर दिसेल आणि पुस्तक चुकलेलं असेल. हे कोणालाच कळणार नाही.”

सून हो म्हणाली. तिला समजलंही होतं.

सव्वीस तारखेला, सोमवारी, मालक सकाळीच घाईत आले. दोन पुस्तकांच्या शेवटच्या दोनशे-दोनशे प्रती राहिल्या होत्या. एक घरभाड्याच्या कायद्याचं, साध्या माणसाला कळेल असं. दुसरं बर्फाच्या समुद्रातल्या एका मोहिमेचं. दोन्ही वीस फर्म्यांची, एकाच मापाची, एकाच कागदावरची. कायद्याच्या पुस्तकाची मागणी गुरुवारी पाठवायची होती.

“दोन्हींची जुळणी आजच उरकून टाक,” मालक सुनेला म्हणाले. “आणि बाई, तुम्ही आज पुढे या. काकांजवळ बसून बिलं लिहायला शिका.”

चक्रीने एकदा टेबलाकडे पाहिलं. सून म्हणाली, “जा ना तुम्ही. मी करते.” आणि चक्री गेली.

त्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. काकाच उठून उभे राहिले. “बस, सवय कर.” दारातून रस्ता दिसत होता. रस्त्यावर नुसती माणसं येत होती आणि जात होती. एकही माणूस फिरून परत येत नव्हता. चक्रीने अकरा बिलं लिहिली. एकाला इतिहासाचं पुस्तक हवं होतं पण कुठलं ते सांगता येत नव्हतं. तिने दोन प्रश्न विचारले आणि नेमकं पुस्तक काढून दिलं. काका म्हणाले, “मला इथे चार वर्षं झाली, हे काही मला जमलं नव्हतं.” मधूनच ती मागे वळून काचेतून बघायची. सून झपाझप फिरत होती. चक्रीला बरं वाटलं. पोरगी तयार झाली.

बुधवारी दुपारी मोहिमेची पुस्तकं शिवून ढिगात पडली होती. कायद्याची पुठ्ठ्यात बसून, दाबातून निघून, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधून दाराशी लागली होती. चक्रीने जेवायच्या आधी हात धुतले आणि मोहिमेचं एक पुस्तक घेतलं. आधीच्या खेपेला तिचे नऊ फर्मे वाचून झाले होते. दहावा वाचला. दोनशे दिवस बर्फात अडकलेलं जहाज, संपत आलेला कोळसा. कप्तानाने सगळ्यांना वर बोलावलं आणि सांगितलं की… इथे दहावा फर्मा संपत होता. तिने पान उलटलं. पुढे लिहिलं होतं: नोटिशीची मुदत संपेपर्यंत घरमालकाला भाडेकरूचं सामान बाहेर काढता येत नाही.

तिने पान मागे केलं. पुन्हा पुढे केलं. पाठ बघितली. जिना पायरीला पायरी लागलेला, सुंदर.

तिने दुसरं पुस्तक घेतलं, मग ढिगाच्या तळातून तिसरं. मग दाराशी जाऊन कायद्याच्या एका गठ्ठ्याची गाठ सोडली आणि एकशे एकसष्टावं पान, अकराव्या फर्म्याचं पहिलं, काढलं. तिथे कप्तान बोलत होता.

दोनशेच्या दोनशे. आणि इकडे दोनशे. गोदामात त्या फर्म्याचा एकही जादा कागद नव्हता.

तिने गठ्ठा पुन्हा बांधला. तीच गाठ, तसाच पीळ. जागेवर येऊन बसली. डबा उघडला नाही.

“आई, जेवला नाहीत?” सून शेजारी येऊन बसली.

“भूक नाही.”

“काय गं चक्री,” वस्तरा आपल्या कोपऱ्यातून म्हणाला, “आत्तापासूनच खुर्चीतल्या माणसांसारखी नाटकं? आम्हाला ओळख दाखवशील ना शनिवारपासून?”

“बिल फाडून ओळख देईन.”

सगळे हसले. तीही हसली. तोंड वस्तऱ्याकडे होतं आणि डोळे दाराशी रचलेल्या गठ्ठ्यांवर.

उद्या सकाळी टेम्पो येणार. माल गेला की गेला. कायद्याचं पुस्तक कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, पडून राहतं. तक्रार येईल ती दोन-तीन महिन्यांनी, कदाचित वर्षाने. तोवर ती खुर्चीत बसलेली असेल, आणि मालक छापखान्यावर खापर फोडतील. छापखान्याची चूक नव्हती असंही नाही. फक्त गप्प बसायचं होतं. तिला दुसरं काहीच करायचं नव्हतं. सव्वीस वर्षांत एवढं हलकं काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

तोंड उघडलं तर महिना फुकट. विषय पुन्हा काढायचा नाही, असं कबूल केलं होतं.

संध्याकाळी घरी सुनेने पाणी गरम केलं, टबात ओतलं, आणि सासूचे पाय त्यात सोडून गुडघे चोळायला बसली. मुलगा दारात चपला काढत म्हणाला, “शनिवारपासून आमची आई साहेबीण.”

“तुझी आई आहेच साहेबीण,” सून म्हणाली. “आई, मला आता झोपेतही बावीस पावलं येतात. यांना विचारा. रात्री लाथा बसतात.”

“जुळणी करतेय म्हणते,” मुलगा म्हणाला. “मला अकरा वेळा उचलून बाजूला ठेवलं.”

चक्रीने सुनेच्या पायांकडे पाहिलं. घोट्यांवर सूज आली होती. थोडीच. चक्रीच्या घोट्यांवरही पहिल्या वर्षी तेवढीच होती. चोवीस आणि सव्वीस, पन्नास. पन्नासाव्या वर्षी ही कोणाला घेऊन मालकांकडे जाईल? तिला बोलायचं होतं, पण ज्या हातांनी चूक झाली तेच हात तिचे गुडघे चोळत होते. तिने पाय टबातून काढले आणि पुसले.

तिला झोप लागली नाही असं काही झालं नाही. थकलेल्या माणसाला झोप येतेच. पण पहाटे जाग आली तेव्हा उत्तर तयार होतं, कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखं. कायद्याचं ते पुस्तक माणूस कधी उघडतो? घर सोडायची नोटीस हातात पडल्यावर. आणि तेव्हा तो कुठलं पान शोधतो? तेच. बाकीचे एकोणीस फर्मे त्याच्या काही कामाचे नाहीत. अशा माणसाला अकराव्या फर्म्यात बर्फ मिळणार होता, आणि तो बर्फ तिच्या टेबलावरून जाणार होता.

ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि गठ्ठ्यांवर बसून राहिली. मालक टेम्पोवाल्याला घेऊन आले.

“माल थांबवा,” ती म्हणाली. “अकरावा फर्मा चुकलाय. दोन्ही पुस्तकांचा, आपसात. दोनशेच्या दोनशे.”

मालकांनी गठ्ठा सोडला, पान काढलं, वाचलं. दुसरं पुस्तक काढलं, वाचलं. मग तेही एका गठ्ठ्यावर बसले. टेम्पोवाल्याला हाताने जा म्हणाले.

“कोणी केलं?”

“मी.”

“तुम्ही सोमवारी माझ्या दुकानात बसला होता. बिलांवर तुमचं अक्षर आहे.”

“ढीग सकाळी मीच मांडून दिले होते.”

“तुम्ही,” मालक म्हणाले, “एका दिवशी दोन पुस्तकं मांडली.”

“मांडली. वय झालं. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. आता मला जुळणीवर ठेवण्यात अर्थ नाही, मालक. मीच चुकायला लागले.”

हे वाक्य तिने वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. वाटेत ते खरं वाटत होतं.

मालक हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच वाईट होतं. “बाई, सव्वीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाहीत. म्हणून तुम्हाला ते येत नाही.”

“डोळे खरंच—”

“शिवलेल्या पुस्तकातला फर्मा तुम्ही पकडलात. जिना बरोबर असताना. आणि मला सांगताय डोळे गेले.”

तेवढ्यात सून आली. दारातच तिने उघडे गठ्ठे पाहिले, सासूचा चेहरा पाहिला आणि पुढे येऊन पुस्तक हातात घेतलं. तिला एक मिनिट लागलं.

“माझ्याकडून झालं,” ती म्हणाली. “दोन्हींचे चाळीस गठ्ठे एकदमच आणले. फेऱ्या वाचवायला. दोन गठ्ठ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. आकडा बघितला, अकरा होता. दोन्हींवर अकराच होता.”

“एका दिवशी दोन्ही उरका, असं तिला कोणी सांगितलं?” चक्रीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

मालकांनी ऐकलं. पुस्तक मिटलं. “ते जाऊ दे आता,” ते म्हणाले. “दुरुस्त होईल का ते सांगा.”

दुरुस्त होत होतं, पण सोपं नव्हतं. कायद्याच्या पुस्तकांचे पुठ्ठे उतरवायचे. पाठीवरची खळ ओली करून, बोथट पातीने खरवडून काढायची. जोरात खरवडलं तर घडी फाटते, हळू खरवडलं तर दिवस जातो. मग अकराव्या फर्म्याजवळ दोरा कापायचा, फर्मा काढायचा, दुसरा घालायचा, आणि जुन्याच भोकांतून शिवायचं. नवं भोक पडलं की पान पुढे सुटणार. शिवाय कायद्याच्या पुस्तकांच्या कडा कापून झाल्या होत्या आणि मोहिमेच्या नव्हत्या. म्हणजे आत जाणारा फर्मा आधी एकटा कापून बरोबर मापाला आणायचा. ते काम वस्तऱ्याचं. त्याने पहिले दहा फर्मे कापले, पुस्तकात घालून नखाने कडेवरून फिरवून पाहिलं, आणि पातं बदललं. त्याची एवढी गंभीर मुद्रा कोणी पाहिली नव्हती.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार दुपारपर्यंत चौघंजण तेच करत होते. चक्री, सून, शिलाईवाली आणि वस्तरा. चक्रीने एकटीने एकशे दहा पुस्तकं सोडवली. मालक तासातासाने येऊन तिच्या मागे उभे राहायचे. ती सोडवलेलं पुस्तक बाजूला ठेवायची, ते उचलून पाठीवरून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. प्रत्येक पुस्तकागणिक त्यांचा चेहरा सैल होत होता. काम जितकं चांगलं होईल तितकं आपलं दार बंद होतंय, हे चक्रीला दिसत होतं. शुक्रवारी दुपारी तिने ठरवून एक घडी फाडायचा प्रयत्न केला. एकच. मालक मागे उभे असताना. पातं जरा आडवं धरलं, जोर दिला. मनगटाने आपणहून पातं सरळ केलं. खळ निघाली, घडी शाबूत राहिली.

“वा,” मालक मागून म्हणाले.

शनिवारी एक तारीख होती. काका शुक्रवारी सकाळीच सगळ्यांचा निरोप घेऊन गेले होते. शेवटचा गठ्ठा बांधून झाल्यावर मालकांनी सासू-सुनेला दुकानात बोलावलं.

“दोन दिवस बघतोय,” ते म्हणाले. “पोरगी कामाला वाईट नाही, पण हिचं डोकं टेबलावर राहत नाही. हिला जुळणीवर ठेवली तर मला रोज धाकधूक. पण काल एक वकील आले होते. तुम्ही सगळे आत, दुकानात कोणी नाही, तर हिने हात पुसून त्यांना तीन पुस्तकं विकली. चूकसुद्धा स्वतःहून कबूल केली. काउंटरला असंच माणूस लागतं. सोमवारपासून ही इथे बसेल.”

सून एक पाऊल मागे सरली.

“मी नाही बसणार,” सून म्हणाली. “खुर्ची आईंची आहे.”

“ठरलं काय होतं?” मालकांनी विचारलं. “चुकलं तर विषय काढायचा नाही. बाईंना विचार.”

“मग मला कामच नको.”

“तुझी मर्जी. जाहिरात देतो. बाहेरचा माणूस येईल.” मग ते चक्रीकडे वळले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. “बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारखे हात मला सात गावं फिरून मिळायचे नाहीत. तुम्ही आहात म्हणून हा बाइंडिंगखाना आहे.”

ते मनापासून बोलत होते. शिव्या दिल्या असत्या तर तिला उलटून बोलता आलं असतं. या बोलण्याला पकडायला कुठे कडीच नव्हती.

चक्रीने खुर्चीकडे पाहिलं, मग सुनेच्या घोट्यांकडे.

“बस,” ती सुनेला म्हणाली.

“आई, नाही हो.”

“बाहेरचा माणूस बसून आपल्याला काय मिळणार आहे? बस म्हणते ना.”

सून बसली. अगदी कडेवर, कोणी ऊठ म्हणायची वाट बघत असल्यासारखी.

“आणि माझं एक काम करा,” चक्री मालकांना म्हणाली. “छापखान्याला सांगा. आकड्याशेजारी नाव पाहिजे. पुढच्या खेपेला नाही. आत्ता, फोन करून. मी उभी आहे.”

मालकांनी फोन केला. तो होईपर्यंत ती खरंच तिथे उभी राहिली.

सोमवारी सकाळी ती मागच्या दाराने आत आली, तर टेबलापाशी एक खुर्ची होती. नवीकोरी, हात असलेली, पाठीला गादी. मालकांनी पाठवली होती.

“बढती,” वस्तरा म्हणाला.

“बसून जुळणी होते का रे?”

“मला काय विचारतेस? मी पुस्तकं कापतो, न्याय नाही करत.”

खुर्ची सतराव्या ढिगाजवळ ठेवली होती, टेबल आणि भिंत यांच्या मधोमध. तिथे फिरायला वाट आधीच बेताची. धंद्याच्या एका पुस्तकाचे ढीग मांडून तिने फेऱ्या सुरू केल्या. सतराव्यापाशी आलं की खुर्चीला वळसा घालावा लागायचा. दोन पावलं जास्त. तिने शंभर फेऱ्या तशाच घातल्या. मालकांनी प्रेमाने दिलेली वस्तू. शंभराव्या फेरीला तिने खुर्ची उचलली आणि कटर मशीनशेजारी नेऊन ठेवली.

“बस तू,” ती वस्तऱ्याला म्हणाली. “तुला फिरावं लागत नाही.”

वस्तऱ्याने मशीन थांबवलं आणि तो बसला.

दुपारी सून डबा घेऊन आत आली. तिने टेबलाकडे पाहिलं आणि खुर्चीतल्या वस्तऱ्याकडे पाहिलं. दोघी स्टुलांवर बसून जेवल्या. चक्रीने आज पुस्तक घेतलं नाही. सून सकाळच्या गिऱ्हाइकांचं सांगत राहिली. एक आजोबा आले होते, त्यांना त्यांच्याच शाळेचा इतिहास पाहिजे होता, आणि मिळत नाही म्हटल्यावर तो त्यांनी तिलाच पाऊण तास सांगितला. चक्री हं हं करत होती. पायांना मुंग्या येत होत्या. तिने ते एकदा झटकले.

संध्याकाळी दोघी मिळून घरी निघाल्या. सून हळू चालत होती, सासूच्या चालीने. कोपऱ्यावर वळताना तिने कमरेवर हात ठेवला आणि थांबली.

“काय झालं?” चक्रीने विचारलं.

“काही नाही.” मग खालमानेने, “बसून बसून पाठ आखडली, आई.”

चक्रीने तिच्या हातातला डबा आपल्याकडे घेतला.

“उद्यापासून मधूनमधून उठत जा,” ती म्हणाली. “जरा पाय मोकळे करत जा.”